न दुखलेला फोड

बायको गेली त्याला एक वर्ष होऊन गेलं. आता घरात मी, मुलगा आणि सून. मुलगा कामावर जातो, म्हणजे दिवसभर मी आणि सूनच. सरळ लिहितो, सुनेवर माझा भरोसा नव्हता. चहात साखर नाही, ताटात भात चिमूटभर. विचारलं की म्हणायची, शुगर वाढलीय. मला वाटायचं, म्हाताऱ्यानं कंटाळून लेकीकडे देपालपूरला निघून जावं, म्हणून हे सगळं.

थंडीत माझे पाय गारठतात. दुपारी जेवून आडवा झालो की बायको गरम पाण्याची रबरी पिशवी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पायाशी ठेवायची. ती गेल्यावर सून ठेवू लागली. एका दुपारी ठेवली तर ऊबच लागेना.

"कोमट भरलंस. गॅस वाचवतेस काय?"

"नाही हो बाबा, चांगलं कढत आहे. हात लावून बघा ना."

हात कशाला लावू? गार तर पाय पडले होते. कापड काढून फेकलं, पिशवीवर टाचा टेकवल्या आणि झोपलो.

उठलो तर उजव्या टाचेला लिंबाएवढा फोड, पाण्यानं टम्म. दुखत काहीच नव्हतं. भाजलं असतं तर मी बोंबललो नसतो का? मला वाटलं, काहीतरी चावलं, नाहीतर हिनंच झोपेत काही लावलं. शेजारच्यानं वाकून बघितलं. "भिया, ये तो जला हुआ है. टूथपेस्ट लगा लो, ठंडक पड़ेगी." लावली. सुनेला दाखवलं नाही. चालता चालता फोड फुटला, त्यावर मोजा चढवला. काही दिवसांनी वास सुटला तेव्हा तिला कळलं.

तिनं रिक्षात घालून तुकोगंजला डॉक्टरकडे नेलं. रस्ताभर एक शब्द नाही. चोर गप्पच बसतो, असं माझ्या मनात आलं.

डॉक्टर पोरगेलासाच. "ये क्या पुट्टी भर रखी है, दादाजी?" म्हणत त्यानं वाळलेली पेस्ट धुऊन काढली. जखम खोल गेलीय, अजून चिघळली तर पायावर बेतेल, म्हणाला.

"म्हणजे कापणार. तुमची दुकानदारी चालली पाहिजे ना!"

"पैर बचाके भी चल जाती है, दादाजी. जला तब दर्द हुआ था?"

"बिल्कुल नहीं," मी छाती काढून सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

मग त्यानं काडीला लावलेला नायलॉनचा दोरा घेतला. डोळे मिटा, तळव्याला दोरा लागला की हो म्हणा, असं सांगितलं. मी मिटले. वाट बघितली. काही नाही.

"लगाया?" मी विचारलं.

"लगाया."

साफ खोटं. हवेतच फिरवून म्हाताऱ्याला बनवतोय, दुसरं काय. मी एक डोळा किलकिला केला.

दोरा माझ्या अंगठ्याखाली टेकलेला होता. नुसता टेकलेला नाही, दाबून वाकलेला. सून बघत होती, मीही बघत होतो. पायाला पत्ता नव्हता.

शुगरनं दोन्ही पायांच्या नसा मरतात, डॉक्टर म्हणाला, आणि हे एकदम होत नाही, त्याला वर्षं लागतात. म्हणजे त्या दुपारी पाणी कढतच होतं. म्हणजे बायको होती तेव्हापासून पाय असेच असणार. ती पिशवी आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. तिला कळलं होतं, की तिची ती सवयच होती? आता कोणाला विचारू?

शेक बंद झाला. पायात नुसते मोजे, दिवसाआड पट्टी. जखम भरतेय म्हणतात. मला टाच नीट दिसत नाही, सून मोबाइलवर फोटो काढून दाखवते. मागचाच फोटो परत दाखवत नसेल कशावरून, असं अजूनही येतं मनात.

आज आंघोळीला बसलो. उजव्या पायाला प्लास्टिकची पन्नी बांधलेली. डाव्या पायाचा अंगठा बादलीत बुडवला आणि ओरडलो, "गार आहे, अजून कढत आण."

सून आली. पाण्यात कोपर घातलं आणि झटकन काढलं.

"बाबा, कोणाला विचारून सांगताय? त्या पायाला?"

ती आत वळल्यावर मीही कोपर घातलं. चांगलाच चटका बसला.

"थोडं गार आण गं," म्हणालो.