पंख्याच्या बटणावरची पट्टी

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात छताला पंखा होता, पण तो लावायचा नाही असा नियम होता. बटणावर मालकांनी जखमेला लावतात तसली चिकटपट्टी आडवी-उभी मारून ठेवली होती. एखादं गिऱ्हाईक घाम पुसत म्हणायचं, "अहो, पंखा तरी लावा." मालक भिंगाआडून डोळा वर करायचे. "लावतो की. मग तुमचं घड्याळ तुम्हीच गोळा करा."

यात थट्टा थोडी आणि खरं जास्त होतं. हातघड्याळाच्या पोटातला स्क्रू खसखशीच्या दाण्याएवढा असतो, आणि चाकावरची केसासारखी स्प्रिंग तर जोरात श्वास सोडला तरी जागा सोडते. म्हणून तिथे शिंक आली तर भिंतीकडे तोंड फिरवून शिंकायचं, हसू आलं तर आधी हातातलं खाली ठेवायचं. आणि काही उडालंच, तर जो जिथे असेल त्याने तिथेच उभं राहायचं, सापडेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, शोधायचं ते रांगत. कारण चपलेखाली गेलेली स्प्रिंग म्हणजे गेलीच.

या दुकानात तीन माणसं काम करायची. मालक, ज्यांना सगळे काका म्हणत. भिंतीवरची मोठी घड्याळं पाहणारा लंबू, ज्याला टेबलाखाली पाय कुठे ठेवावेत हे कधी कळलं नाही. आणि ती. तिला दुकानात चिमटा म्हणायचे. हातातला चिमटा ती असा चालवायची की काका स्वतःची अवघड कामं मुकाट तिच्याकडे सरकवायचे, आणि जिभेचा चिमटा असा काढायची की समोरचा संध्याकाळपर्यंत चोळत बसायचा. पंचेचाळिशी ओलांडलेली, बारीक अंगाची, कुणाचं फारसं न ऐकून घेणारी बाई. खिडकीजवळचं टेबल तिचं. तिथला उजेड तिचा. लग्नानंतर घरात सगळं वाटून घ्यावं लागलं, ते टेबल तेवढं तिला कुणाशी वाटून घ्यावं लागलं नाही.

मग डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचे शेक देऊन झाले. केस गेले, परत आले, तेही कुरळे, जन्मात कधी नव्हते तसे. हे सगळं तिने दातओठ खाऊन काढलं. केमोच्या मध्येच पाळी बंद झाली आणि अंगातून वाफा सुरू झाल्या. सगळे म्हणाले, उपचार संपले की थांबेल. उपचार संपले, आणि डॉक्टरांनी पाच वर्षं रोज घ्यायची एक पांढरी गोळी हातावर ठेवली. आजार परत येऊ नये म्हणून. त्या गोळीने वाफांची भट्टी केली.

रागावलेल्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. हिची आग छातीतून निघायची, बरोबर ऑपरेशनच्या व्रणाच्या खालून. तिथून गळा, गळ्यातून कान, कानांतून डोकं. नवे कुरळे केस मुळापासून भिजायचे, ब्लाउज पाठीला चिकटायचा, डोळ्याला लावलेलं भिंग आतून धुकट व्हायचं. काळीज उगाचच धडधडायचं. आणि भट्टी विझली की घामाने गार पडून दात वाजायचे. दिवसातून किती वेळा, ते मोजणं तिने सोडून दिलं होतं.

ती डॉक्टरांना सांगायला गेली. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "हे अपेक्षितच आहे. सैल सुती कपडे घाला. चहा कमी करा." वर पाहिलंही नाही. ती नखशिखान्त सुती कपड्यांत बसली होती.

नणंद म्हणाली, "अगं, तुझं वयच आहे ते. आम्हाला नाही का झालं? आणि जीव वाचला हे काय थोडं आहे?" वर, वाफा थांबतात म्हणून, कुठलीशी बायकांची पावडर घेऊन आली. डब्यावर हसऱ्या बाईचं चित्र होतं. अशा आजारात असलं काही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, एवढं तिला दवाखान्यात बजावलेलं होतं. तिने डबा होता तसा परत केला, तर नणंदेने महिनाभर अबोला धरला. नवरा बिचारा भांडणारा नव्हता. तो फक्त म्हणायचा, "तू चिडू नकोस. चिडलं की जास्त गरम होतं." हे वाक्य ऐकलं की तिला हमखास गरम व्हायचं.

जीव वाचला, जीव वाचला. जणू वाचलेल्या जिवाने नंतर तोंड उघडायचंच नाही. कुणी पाण्यातून ओढून काढलं म्हणून जन्मभर ओल्या कपड्यांत बसून त्याचे आभार मानत राहायचं काय?

एके दिवशी दुपारी ती एका जुन्या घड्याळाचं झाकण लावायच्या बेतात होती. भट्टी पेटली. डोकं मागे घेईपर्यंत हनुवटीवरून घामाचा थेंब सुटला आणि थेट उघड्या यंत्रात पडला. घड्याळाच्या पोटात पाणी, त्यातून खारं पाणी, म्हणजे गंज. तिने लगेच यंत्र पुन्हा सोडवलं, भाग न् भाग धुऊन वाळवला. घड्याळाचं काही बिघडलं नाही. पण काकांनी पाहिलं होतं.

"पोरी, थोडे दिवस काउंटरला बस," ते मऊ आवाजात म्हणाले. "पट्टे बदलायचे, सेल घालायचे. तुलाही आराम."

"मला आराम नकोय, काका. मला पंखा हवाय."

काका हसले. पंखा हवाय म्हणजे तिने विनोदच केला असं त्यांना वाटलं.

तिच्या टेबलावर लंबू आला. तो ओशाळून बसायचा, तिची हत्यारं होती त्याच क्रमाने परत ठेवायचा, पण त्याच्या फावड्यासारख्या हातांत तिचा चिमटा पाहून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काउंटरवर उभं राहून ती लोकांच्या मनगटांना पट्टे बांधत होती. कुणी म्हणालं, "बरं झालं, हलकं काम मिळालं." तिने त्याचा पट्टा एक भोक जास्त आवळला.

त्या आठवड्यात तिने गोळी बंद केली.

कुणालाच सांगितलं नाही. सकाळी गोळी पाकिटातून काढायची, मुठीत धरायची, आणि मोरीत टाकून वर पाणी सोडायचं. तिला सगळं कळत होतं. ही गोळी कशासाठी आहे, ती टाकली तर काय होऊ शकतं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. पण एका पारड्यात पुढे कधी येईल-न येईल तो आजार, आणि दुसऱ्या पारड्यात आजचा हात, आजचं टेबल. तिने हात निवडला, आणि तशी निवड करावी लागली याचा तिला सगळ्या जगाचा राग आला.

काही आठवड्यांनी भट्टी मंदावली. काकांनी पाहिलं, आणि टेबल परत दिलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्यांना बोलल्याशिवाय राहवलं नाही. नेहमीच्या एका गिऱ्हाइकासमोर ते छाती काढून म्हणाले, "पाहिलंत? आमची चिमटा बरी झाली. मी म्हटलंच होतं, माणसाने मनावर घेतलं की सगळं जमतं."

मनावर घेतलं की. तिने भिंग डोळ्याला लावलं. समोरची स्प्रिंग नीट दिसत होती, हात दगडासारखा स्थिर होता, आणि मनात धसका होता. रोज असायचा. आंघोळ करताना काखेत बोटं फिरवताना असायचा, खांदा नुसता अवघडला तरी असायचा. आपण मरणाशी सौदा करतोय आणि हे म्हणतात, मनावर घेतलं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने चप्पल काढायच्या आधी गोळी काढली आणि नवऱ्यासमोर गिळली.

"सकाळी घेतली नाहीस?" त्याने विचारलं.

"कित्येक सकाळी नाही घेतली," ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो खुर्चीत बसला, आणि पहिल्यांदाच तिला चिडू नकोस म्हणाला नाही. तो स्वतःच चिडला. "मला सांगायचं नाही?" तिने विचारलं, "सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?" तो उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेला. त्याला आपलंच वाक्य आठवलं असावं.

गोळी आली तशी यथावकाश भट्टीही आली. एका दुपारी भिंग धुकट झालं. शेजारच्या टेबलावर काका एका घड्याळाची स्प्रिंग चिमट्यात धरून बसले होते. तिने चिमटा खाली ठेवला, रुमालाने मान पुसली. काकांनी तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि सुस्कारा टाकला, तोही रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून.

"परत सुरू झालं का? जा, काउंटरला बस."

ती उठली. काउंटरकडे न जाता दाराजवळच्या बटणाकडे गेली, नखाने पट्टीचा कोपरा उचलला आणि सगळी पट्टी एका ओढीत फाडून काढली. बटण दाबलं.

इतक्या वर्षांची धूळ आधी खाली आली. पंखा कण्हला, फिरला, मग बघता बघता जोरात फिरायला लागला. लंबूच्या टेबलावरचे टिपकागद उडाले. काकांच्या चिमट्यातली स्प्रिंग नाहीशी झाली.

"कुणी हलू नका!" काका ओरडले. सवयीने सगळे खिळले. "बंद कर तो!"

"नाही करणार," ती म्हणाली.

काकांना आणि लंबूला गुडघ्यांवर बसण्यावाचून इलाज नव्हता. एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात पांढरं फडकं. दोघे फरशीवर इंच इंच रांगत होते, आणि ती बटणावर हात ठेवून पंख्याच्या वाऱ्यात उभी होती. दुकानाच्या नियमाप्रमाणे पाऊलही न उचलता. आणि बोलत होती.

"शोधा. सापडेपर्यंत शोधा. एवढ्याशा स्प्रिंगसाठी तुम्ही दोघं रांगताय. मी इथे रोज भाजतेय, तर मला सांगता काउंटरला बस. नवरा म्हणतो चिडू नकोस. डॉक्टर म्हणतो सुती कपडे घाल. मी बरी झाले म्हणून छाती काढलीत ना, काका? मी बरी नव्हते झाले. मी औषध सोडलं होतं. तुमचा पंखा बंद राहावा म्हणून मी माझं औषध मोरीत टाकत होते. आणि तुम्ही म्हणालात, मनावर घेतलं."

काका फरशीवर तसेच थांबले. लंबूने तेवढ्यात टॉर्च वर केला होता, आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, हलू नका. तुमच्या मानेवर आहे."

स्प्रिंग तिच्या कानाखाली, घामाला चिकटून बसली होती. कोरड्या मानेवरून ती कुठल्या कुठे गेली असती.

काका उठले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, चिमटा घेतला आणि तिच्या मानेजवळ वाकले. आयुष्यभर ज्या डोळ्याने त्यांनी घड्याळांची पोटं पाहिली, त्या डोळ्याने पहिल्यांदा त्यांनी तिची लाल झालेली कातडी पाहिली. एकेका रंध्रातून पाणी फुटत होतं. स्प्रिंग उचलताना त्यांच्या बोटांची मागची बाजू तिच्या मानेला लागली आणि त्यांनी हात मागे घेतला.

"अगं, केवढी तापलेली आहेस तू."

"रोज," ती म्हणाली. "दिवसभर."

काकांनी स्प्रिंग काचेच्या झाकणाखाली ठेवली. पंखा बंद करायला सांगितलं नाही. सांगण्याची त्यांची हिंमत झाली नाही म्हणा हवं तर.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे नवराही गेला. डॉक्टरांनी लिहायला सुरुवात केली, तेव्हा तिने पेनवरच हात ठेवला. "आधी ऐका. मी गोळी बंद केली होती." डॉक्टरांनी वर पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी दोघांची नजरानजर झाली. "हे तुम्ही सांगायला हवं होतं," ते म्हणाले. ती म्हणाली, "मी वाफांचं सांगितलं होतं. तुम्ही कपड्यांचं सांगितलंत." डॉक्टर पेन खाली ठेवून नीट विचारायला लागले. कधी येतं, किती वेळ राहतं, झोप लागते का. या गोळीबरोबर चालणारं, वाफा कमी करणारं औषध होतं. ते आधीपासूनच होतं. घरी येताना सगळ्या रस्त्यात तिला त्याचाच राग येत राहिला, आणि नवरा म्हणाला, "येऊ दे. मलाही येतोय." त्या औषधाने भट्टी विझली नाही, पण निम्म्यावर आली.

आता दुकानात प्रत्येक टेबलावर मोठ्या काचेचा आडोसा आहे, लंबूने बसवलेला, थोडा वाकडा. उघडं यंत्र झाकायला काचेची झाकणं जास्तीची आणली आहेत. पंखा चालतो. बटणावर पट्टीचा चिकट चौकोन अजून आहे. तिथे धूळ बसते, आणि ती तो कुणाला पुसू देत नाही. सकाळी दुकान उघडलं की ती आधी बटण दाबते, मग पाण्याचा घोट घेऊन सगळ्यांसमोर गोळी गिळते, मग भिंग लावते.

परवा काका खांद्यावर टॉवेल ओढून कुरकुरले, "फार गार होतंय गं. थोडा कमी कर."

तिने मान वर केली नाही. चिमट्यात स्प्रिंग होती आणि हात स्थिर होता.

"घरून स्वेटर आणा, काका," ती म्हणाली. "तुम्हाला अंगावर चढवता येतं. मला कातडी उतरवून खुंटीला लावता येत नाही."