आमराईतलं डोहाळजेवण

गोदावरीवहिनी आमच्या घरी आल्या त्या वाईहून. माझ्या थोरल्या भावाची, चिंतामणदादाची, ही बायको. कृष्णेच्या घाटावर वाढलेली, पोहायला पटाईत आणि हसायला त्याहून पटाईत. आमच्या सांगलीच्या घरात बायकांनी मोठ्यानं हसणं आईला खपत नसे. वहिनी मग तोंडात पदर कोंबून हसायच्या, आणि त्यांच्याकडे बघून माझीही पोळी करपायची.

ते हसू आठ वर्षांत आटलं. मूल झालं नाही, दुसरं काही कारण नव्हतं.

तेव्हा रविवारी संध्याकाळी सांगलीतली निम्मी कुटुंबं आमराईत लोटायची. आंब्यांची गार सावली, पोरांसाठी झोपाळे आणि घसरगुंडी, पुरुषमाणसांना ऐकायला बँड. आम्हीही डबे घेऊन जायचो. वहिनींचं काम ठरलेलं होतं, सतरंजीवर बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या. एखादं पोर रांगत त्यांच्यापाशी आलं की त्याची आई लगबगीनं येऊन त्याला उचलायची. शेजारच्या रंगूबाई त्यात पुढे. एकदा वहिनींनी त्यांच्या पोराला हलकासा झोका दिला, तर बाईंनी घरी जाऊन मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली, आणि ते आमच्या कानावर येईल अशी तजवीजही केली. मी भांडायला निघाले होते. वहिनींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "नको गं शरयू. मला पुढच्या रविवारी पुन्हा यायचंय ना तिथं."

आईनं औंधकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. वहिनींना घालवायचं नव्हतं, नुसती सवत आणायची होती, म्हणजे आपण काही वाईट करतो आहोत असं तिला वाटायचं कारण नव्हतं. दादा म्हणाला, "तू म्हणशील तसं." माझा भाऊ आयुष्यभर हे एकच वाक्य बोलला. तेवढ्यात वहिनींना दिवस गेले आणि आईनं मुलीकडच्यांना थांबायला सांगितलं. नाही म्हणून कळवलं नाही, फक्त थांबायला सांगितलं.

युद्धाचे दिवस होते, साखर रेशनवर. पेढे-बर्फीसाठी आईनं आम्हा सगळ्यांना दोन महिने गुळाचा चहा पाजला. सातव्या महिन्यात तिनं सुनेला कधी नव्हे ते मायेनं विचारलं, "काय डोहाळे आहेत?" वहिनी म्हणाल्या, "आमराईतल्या झोपाळ्यावर बसायचंय, सगळ्या बायकांच्या देखत." म्हणून डोहाळजेवण बागेत ठरलं.

फुलं बनाबाई माळणीनं आणली होती. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सगळी फुलांची वाडी तिनं बागेतच बसून गुंफली. "वैनी, लय देखण्या दिसताय बगा," म्हणाली. खरोखरच दिसत होत्या. मी कमरपट्टा बांधताना सहज पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, "काय गाढ झोपलाय हो भाचा!"

वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परवापासून हालला नाही, शरयू."

माझ्या हातातली गाठ सुटली. म्हटलं, आत्ताच्या आत्ता टांगा करू, मिरजेला दवाखान्यात जाऊ. त्या म्हणाल्या, "जाऊ. पण एवढी संध्याकाळ मला बसू दे."

मी कसली बसू देते! तडक आईकडे गेले. ती ओटीचं ताट लावत होती. ऐकलं आणि तिचा चेहरा दगड झाला. "सवाष्णी जमल्यात. अभद्र बोलू नकोस. पोटातलं पोर काय चोवीस तास नाचतं?" मग बँडपाशी दादाला गाठलं. तो मित्रांबरोबर भडंग खात उभा होता. क्षणभर त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. मग म्हणाला, "आईला विचारलंस का?" त्या भडंगाची पुडी त्याच्या तोंडावर फेकावी असं मला वाटलं.

परत आले तो गाणी सुरू झाली होती. वहिनी झोपाळ्यावर होत्या. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या, त्यांनी एकीवर बोट ठेवलं. पेढा निघाला. मुलगा, मुलगा म्हणून बायकांनी नुसता गिल्ला केला. आईनं डोळे पुसले. आणि रंगूबाई, त्याच रंगूबाई, आपलं पाच-सहा महिन्यांचं पोर घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी ते वहिनींच्या मांडीवर ठेवलं. "घ्या हो, सवय करा आता."

आठ वर्षांत त्या बागेत वहिनींना कुणी पोर दिलं नव्हतं. त्यांनी ते छातीशी धरलं. पोर गुबगुबीत, खोडकर. फुलं ओढत होतं, त्यांच्या पोटावर लाथा झाडत होतं. वहिनींनी त्याच्या टाळूवर गाल टेकला आणि झोपाळा पायानं हळूहळू हलवत राहिल्या. ओटी भरली, फराळ झाला, ऊन उतरलं. रंगूबाईंनी दोनदा हात पुढे केले. वहिनी दोन्ही वेळा म्हणाल्या, "थोडा वेळ."

तिसऱ्यांदा रंगूबाई हसून म्हणाल्या, "अहो, दोन महिन्यांनी तुमचं येईलच की!"

वहिनींनी पोर त्यांच्या हातात दिलं. "माझं पोटातच गेलंय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तुमचं घेऊन जा."

गाणं थांबलं. रंगूबाईंनी पोराला असं हिसकावलं की ते कळवळून रडायला लागलं. बाई तिथंच पदरानं त्याचे पाय पुसायला लागल्या. एकेक करून बायका आपापली पोरं शोधायला पांगल्या. आई पुढे आली आणि वहिनींच्या अंगावरची फुलं ओरबाडायला लागली, मुकुट, बाजूबंद, सगळं. फुलांबरोबर केसही ओढले जात होते. मी आईचे हात धरले, ती मला आवरेना. वहिनी झोपाळ्यावरून हलल्या नाहीत.

दादा टांगा घेऊन आला तेव्हा त्या उठल्या, मिरजेला जायला. निघताना आईला म्हणाल्या, "औंधच्या मुलीला कधी आणायचं?"

आई म्हणाली, "आधी बरी होऊन ये. मग बघू."

मिरजेला वहिनींना मुलगा झाला, मेलेला. त्या वाचल्या. औंधची मुलगी वैशाखात घरात आली, आणि उंबरठ्यावर तिला ओवाळायला आईनं तबक वहिनींच्याच हातात दिलं.