चांगुणेचा दात

चांगुणा आज सकाळी गेली.
ती माझ्या हातून मरणार, असं बहात्तर साली मला एक अख्खी दुपार वाटत होतं.

हे मी स्वतःहून कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या सरांनाही नाही.

मी तेवीस वर्षांची, नुकतीच बीडीएस झालेली. नगर जिल्ह्यात आमच्या सरांचा सर्व्हे चालू होता. ठाकर, महादेव कोळी, मराठा, मुस्लीम अशा वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांची उंची, वजन, आणि कोणता दात कोणत्या वयात येतो.
फॉर्मवर समाजाला रकाना होता. दुष्काळाचं वर्ष, पण ताटात काय पडतं याला रकाना नव्हता.

अकोले तालुक्यातली एक ठाकरवाडी. सर जीप घेऊन पुढच्या वाडीला गेलेले. देवळाच्या ओट्यावर मी आणि रांगेतली मुलं.

चांगुणा सात वर्षांची. ओल्या लगद्याने भरलेला ट्रे तिच्या तोंडात धरून मी दातांचा ठसा घेतला. ट्रे काढला, ती वाकून थुंकली. मी पाठ फिरवून ठशावर नंबर घातला आणि तो पुण्याला न्यायच्या पेटीत ठेवला.

परत तोंड बघितलं, तर वरचा एक दात नाही. खड्डा, आणि रक्त.

चार्टवर मी तो दात 'आहे' असा लिहिला होता. हलतोय का, हे बोट लावून पाहायचं राहिलं होतं.

ठशात नाही. ओट्यावर नाही. थुंकीत नाही.

"चांगुणा, गिळलास का?"
ती ओठ मिटून माझ्याकडे बघत राहिली.

पोटात गेला तर आपोआप पडून जातो. श्वासनळीत गेला तर जीव जाऊ शकतो.
एक्स-रे संगमनेरला. जीप संध्याकाळी.

तिच्या पाठीला कान लावला. श्वास जोरात चालला होता. दर पंधरा मिनिटांनी मोजून वहीत लिहीत गेले. प्रत्येक वेळी आकडा वाढलेला.

खडी फोडायच्या कामावरून तिच्या आईला, सोनाबाईला, बोलावून घेतलं.

"दात पडला म्हून बोलावलं व्हय, बाई? समद्याच पोरांचं पडत्यात."
मी म्हटलं, दात छातीत गेला असेल.
तिचं हसू गेलं. पोरीला मांडीवर ओढून घेतलं.
"तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, जगंल का?"

मी पुन्हा पोरीच्या पाठीला कान लावला.

नेमकं सांगायचं तर मी आधी स्वतःसाठी घाबरले होते. डिग्री, सर, पोलीस. पोरगी त्यानंतर. हा क्रम मला आजही बदलता येत नाही.

जीपचा आवाज आला. मी चांगुणेला उठवलं.
"चल, दवाखान्यात जायचंय."

चांगुणा रडायला लागली आणि तिनं उजवी मूठ उघडली. आत दात.

"मला न्हेऊ नका. ह्यो घ्या."
"अगं, मग बोलली का नाहीस?"
"तुमी पुन्याला न्ह्याल, पेटीत ठिवाल. छपरावर टाकल्याबिगर नवा येत न्हाई. आन तुमी लई भ्यालेल्या दिसल्या. वाटलं, चोरी केली म्हून माराल."

माझा कान जवळ आला की तिचा श्वास वाढत होता. मी तिची भीती लक्षण म्हणून लिहीत बसले होते.

सोनाबाईनं तिला एक चापट दिली, लगेच जवळ घेतलं. मग माझ्याकडे वळली.
"पानी प्या, बाई."

दात चांगुणेनं छपरावर फेकला. जीपमधून सरांनी विचारलं, काही अडचण?
"नाही सर."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुलाचे दात बोट लावून पाहिले. आधी सांगायचे, पडला तर तो तुझा.

चांगुणा पुढे अंगणवाडी सेविका झाली; आमची गाठभेट चालूच राहिली. वजन करण्याआधी ती पोरांना काटा हाताळायला द्यायची. मी एकदा विचारलं, एवढा वेळ कशाला घालवतेस?
"भ्यालेलं पोर काई सांगत न्हाई, बाई."

ती त्या दुपारची गोष्ट हसून सांगायची. मीही हसायचे. मी कुणासाठी घाबरले होते, ते मात्र तिला कधी सांगितलं नाही.

आता इथे लिहिते आहे. उशीर झाला.

चांगुणा, माफ कर. आणि हा माझा मनापासून निरोप.