खंडेनवमीला सुटलेलं पानी

आमचे हे, नाव घ्यायचं तर मच्छिंद्र, राजूरच्या वरल्या अंगाला धरनाखालच्या पॉवर हाऊसवर ऑपरेटर हुते. मानूस सरळ. इतका सरळ की माझं डोकं फिरायचं. साहेब म्हनंल ती पूर्व दिशा. यंत्र चालू झालं की बोगद्यातलं पानी एकदम नदीत सुटतं आनि गुडघाभर नदी बघता बघता डोक्यावरनं जाती. म्हनून आधी भोंगा द्यायचा. तवा भोंगा हातानं फिरवायचा हुता. भोंगा वाजला की खाली धुनं धुनाऱ्या बाया, मासं धरनारी मानसं, समदी वर पळायची.

माझी नणंद रंगुबाई एका दसऱ्याला आमच्या क्वार्टरवर आल्ती. आमचं गाव शेवगावकडचं. तिथं टँकरच्या पान्यात तोंड धुवायची मारामार. वाहतं पानी बघून बाई हरखली. खंडेनवमीला घरातल्या समद्या गोधड्या काढून बसली. मी म्हनलं, "वन्सं, ऱ्हाऊ द्या की, सनासुदीचं कशाला?" तर हेच म्हनले, "जाऊ दे तिला. आज यंत्राची पूजा हाय, पानी सुटायचं न्हाई. बिनघोर जा, रंगे."

यंत्र खरंच बंद हुतं. खंडेनवमीला पाने, पकडी, हातोडे धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. भोंग्याचं हँडलबी काढून पाटावर ठेवायचे. एकदा पूजलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा न्हाई, ही तिथली रीत. आनि नेमका पूजा झाल्यावर फोन आला. कुठंतरी वीज कमी पडली, यंत्र चालू करा.

हुकूम आला म्हनून ह्यांनी यंत्राची पूजा मोडली. भोंग्याचा हुकूम कुनी दिला न्हवता, म्हनून हँडलाला हात लावला न्हाई! झडप उघडाय वेळ लागतो, तवर पळत जाऊन हाक मारू, आसा ह्यांचा हिशोब. बटन दाबलं आनि धावले. आता काय बोलावं ह्या मानसाला? पान्यानं ह्यांच्या आधी नदी गाठली. वन्सं लई खाली घावल्या.

अपघात म्हनून समद्यांनी सोडून दिलं. कुनी ह्यांना चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घातल्या, पन बायकोच्या शिव्या कोन मनावर घेतं!

पुढं कंपनीनं कारभार बदलला. आता चार ठिकानची पॉवर हाऊसं शहरातल्या एका खोलीतनं चालत्यात. तिथं पंकजा म्हनून पोरगी हाय, इंजिनीअर. ती तिकडं कळ दाबती, इकडं भोंगा आपोआप वाजतो, यंत्र आपोआप फिरतं. ह्यांच्याकडं ऱ्हायलं काय? तेलपानी, पुसापुशी आनि राखन. पन भोंगा वाजला की हे काठावर जायचेच. "रंगे, वर ये गं!" म्हनून वरडायचे. काठावर मानूस नसलं तरी वरडायचे. मग मान वाकडी करून ऐकत उभे ऱ्हायचे.

मी इचारलं, "काय ऐकताय?"

"थांब म्हनती. एक गोधडी ऱ्हायलीय."

मी फटकारलं, "येड लागलंय तुमाला! कोन न्हाई तिथं." हळूहळू हे काठ सोडून खाली उतराय लागले. आधी पायरीपर्यंत, मग वाळूत, मग धुन्याच्या दगडापर्यंत. मला एकच घोर लागला. रिटायर व्हायला थोडं दिवस ऱ्हायलेत, तवर हा मानूस जित्ता ऱ्हायला पायजे.

औंदाच्या खंडेनवमीला यंत्र थांबवाय पंकजानं परवानगी दिली. फोनवर म्हनली, "काका, पूजा करा. पण मागणी वाढली तर मला सुरू करावंच लागेल, तेव्हा नदीत कुणी नको." ह्यांनी व्हय म्हनलं. पूजा केली, पेढा खाल्ला आनि माझी नजर चुकवून गेले की खाली!

दुपारी भोंगा वाजला. मी घरात बघितलं, अंगनात बघितलं. मग जीव तोडून नदीकडं पळाले. हे दगडावर बसलेले, पाय पान्यात. मी दंडाला धरून वढलं. हाडाचा सापळा, पन जागचा हलंना.

"अहो उठा! पानी येतंय!"

"ती पिळतीय अजून," हे म्हनले. "मागच्या वेळी मी उशिरा आलो. आता तिला टाकून कसा येऊ?"

मी रडले, शिव्या दिल्या, पाठीत धपाटा घातला. वरच्या अंगाला बोगद्यातनं घुरघुर सुरू झाली. तवा काय सुचलं कुनास ठाऊक. जन्मभर "कोन न्हाई" म्हननारी मी त्या मोकळ्या वाळूकडं तोंड करून म्हनले, "वन्सं, पुरं झालं धुनं! चला घरी. चहा टाकलाय."

हे उठले. लगेच उठले. पायऱ्यांपाशी आले आनि बाजूला सरून कुनालातरी पुढं जाऊ दिलं. मग मी, मग हे. आमी वर पोचलो आनि खाली नदी फुगली, दगड दिसंनासा झाला.

आता आमी गावी असतो. इथं नदी न्हाई, ओढा न्हाई. हे पोटभर जेवत्यात, गाढ झोपत्यात, रंगीचं नाव काढत न्हाईत. लोक म्हनत्यात, मच्छिंद्र मानसात आला. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

पन दुपारचं मागल्या दारी ओल्या लुगड्याचा वास येतो आनि कोनतरी हळूच "वहिनी" म्हनतं. बोलवलं मी हुतं ना. मी चहाचा कप भरून उंबऱ्यावर ठेवते. मला लई भ्या वाटतं. हे कूस बदलून इचारत्यात, "कोन आलंय गं?"

मी म्हनते, "शेजारची साळूबाई हाय. झोपा तुमी."

आनि हे झोपत्यात.