पदरच्या सासवा

मी वाचते त्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर हटकून एक निळं दार असतं, दाराशी कुंड्या असतात आणि पाठमोरी एक बाई असते. आत काय आहे ते मला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतं. बाईचं काहीतरी गेलेलं असतं, नवरा नाहीतर देवावरचा भरवसा, कधी दोन्ही. ती शहर सोडून जुन्या गावी येते, बेकरी काढते, आणि शेजारी एक माणूस कुंपण दुरुस्त करत असतो. त्याच्याकडे कुत्रा असतो. दोघं रविवारी एकाच बाकावर बसून गीतं गातात, मध्येच काहीतरी गैरसमज होतो, मग प्रार्थना होते, आणि अगदी शेवटच्या पानावर एक चुंबन असतं, तेही पाळकसाहेबांसमोर वाचून दाखवता येईल असं. देव दुसरी संधी देतो, एवढंच सगळ्या पुस्तकांचं सांगणं. मला ते दर वेळी नव्याने पटतं. कुणी हसलं तर खुशाल हसावं.

ही पुस्तकं आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमधल्या लोखंडी कपाटात असतात. मंडळीतल्या एक बाई परदेशी लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या, तेव्हा खोकी भरून ठेवून गेल्या. इंग्रजी म्हणून कुणी हात लावत नाही, आणि लावलाच तर मुखपृष्ठ बघून नाक मुरडतात. मी मिशनच्या बोर्डिंगात शिकले, मला इंग्रजी जड नाही. चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअर बघते. सकाळी रहाटणीहून कंपनीची बस पकडायची. भोसरी मागे पडली की मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस निवांत उभी राहते, तेवढ्यात एक प्रकरण वाचून होतं. बाकीचे त्या ट्रॅफिकला शिव्या घालतात. मी कधी घातल्या नाहीत.

घरी मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आणि आम्हाला मूलबाळ नव्हतं. तो गेल्यावर माझे भाऊ मला न्यायला आले होते, आणि धाकटे दीर त्यांच्या आईला नगरकडच्या गावी न्यायला आले होते. दोघंही हात हलवत परत गेले. आम्ही दोघी एकमेकींना का सोडून गेलो नाही, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. प्रेम म्हणायला जीभ रेटली नसती. दोघींच्याही नाकाच्या शेंड्यावर राग. दुसऱ्या कुणाशी आमचं पटलं नसतं, हे खरं.

रविवारी उपासना झाली, जेवणं झाली, की आत्याबाई मेथी नाहीतर लसूण घेऊन बसायच्या आणि मी त्यांना वाचलेली कादंबरी मराठीत सांगायची. पहिलीच कादंबरी बेकरीवालीची होती. "नवरा वारला आणि ती एकटीच गावी आली," एवढं मी सांगितलं आणि त्यांचा हात थांबला.

"आन् सासू कुटं गेली तिची?"

मी म्हटलं, "पुस्तकात सासू नाही."

"असं कसं न्हाई? नवरा काय झाडाला लागला व्हता व्हय?"

मी सासू घातली. पदरची. तिला बेकरीच्या वरची खोली दिली, दमा दिला आणि सुनेच्या प्रत्येक केकला नावं ठेवायची सवय दिली. आत्याबाई खूश झाल्या. त्यानंतर प्रत्येक पुस्तकात एक सासू आलीच. घोडे पाळणाऱ्या विधवेची सासू गुडघ्यांनी बेजार होती पण घोड्यांना तिचाच धाक होता. एका कादंबरीत तर खराखुरा राजपुत्र होता, कुठल्याशा बारक्या देशाचा. तो एका विधवा शिक्षिकेला महालात घेऊन जातो. मी सासूलाही महालात नेली.

"तितं संडास कसला हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"कमोड."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी सोडायला घेतली.

आता त्या माणसाचं सांगते. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर मेंटेनन्सचे एक गृहस्थ बसायचे. मूळचे सोलापूरकडचे, बायको आजारपणात गेलेली, चाकणला भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. आठवड्यातले काही दिवस बहिणीकडे काळेवाडीला मुक्काम, म्हणून आमची बस. आमच्याच मंडळीत नवीन आले होते, पण देवळात शेवटच्या बाकावर बसत आणि आशीर्वाद होताच निघून जात. एक दिवस म्हणाले, "मॅडम, रोज एवढं मन लावून काय वाचता?"

मी बेकरीवालीचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, आता काही दिवस गप्प बसतील. मोबाइलवर शब्दांचे अर्थ बघत बघत त्यांनी ते अख्खा उन्हाळा वाचलं आणि परत देताना म्हणाले, "बाकी छान आहे हो. पण एका कुंपणाला इतके महिने? आमच्याकडे असं चाललं असतं तर मेमो आला असता."

मी इतक्या जोरात हसले की पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. कितीतरी दिवसांनी तशी हसले असेन. मग त्यांनी दुसरं पुस्तक मागितलं, मग तिसरं. राजपुत्राच्या महालापर्यंत पोचले तोवर ते पुस्तकाबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त विचारू लागले होते. आणि एका सकाळी, मोशीलाच, बस अडकलेली असताना ते खाली बघत म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे कुत्रा नाही. चालेल का?"

मला कळायला एक क्षण लागला. कळलं तेव्हा कानशिलं तापली. चाळिशी केव्हाच उलटलेल्या बाईची कानशिलं अशी तापू नयेत असा काही नियम असेल, तर तो मला कुणी सांगितला नव्हता. मी म्हटलं, "घरी आत्याबाई आहेत."

"माहीत आहे. म्हणून तर मीच तुमच्याकडे राहायला येतो. माझी काय, भाड्याची खोली."

पुढच्या रविवारी ते रीतसर विचारायला आले. इस्त्रीचा शर्ट, हातात केळी. मी आत्याबाईंना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या. चहा झाला, खारी झाली. पाहुणेही तीच पुस्तकं वाचतात हे आत्याबाईंना ठाऊक होतं, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "ती बेकरीवालीची सासू कशी वाटली तुमाला? मला तर लई आवडती."

ते गोंधळले. "सासू? त्यात सासू नाहीये, आई."

मी डोळे मोठे केले. त्यांना वाटलं, आपण पुस्तक खरंच वाचलं की नाही याची परीक्षा चाललीय. ते आणखी ठामपणे म्हणाले, "कुठल्याच पुस्तकात सासू नाही. मी सगळी नीट वाचलीत."

आत्याबाईंनी खारी चहात बुडवली आणि शांतपणे खाल्ली. मग म्हणाल्या, "मानूस सरळ हाय. करा लगीन."

मला इतका आनंद झाला की अर्धे भरलेले कपही उचलून मी आत नेले. बाहेर आले तर त्या सांगत होत्या, "लगीन झालं की मी धाकट्याकडं जाते गावाला."

पाहुणे गेल्यावर मी आत्याबाईंच्या पुढ्यात बसले. विचारलं, रागावलात का? त्या रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. म्हणाल्या, "एवढी शिकलेली मानसं पुस्तकं लिवतात. एकालाबी सासू सुचली न्हाई, ते काय उगाच? दुसऱ्या लग्नाच्या घरात पहिल्या नवऱ्याच्या आईला बसवायचं कुटं? तू आपली माझ्यासाठी घालत व्हतीस."

नातेवाइकांशी मी भांडले असते, मंडळीतल्या बायकांशी भांडले असते. पुस्तकांशी कसं भांडायचं ते कळेना. दिरांचं घर वाईट नाही. पण नवरा-बायको दोघं दिवसभर दुकानात, आणि आत्याबाईंना बोलायला माणूस लागतं. मागे एकदा त्या महिन्यासाठी म्हणून गेल्या आणि आठवड्यात परत आल्या होत्या. मला लग्न हवं होतं आणि मला आत्याबाईही हव्या होत्या. यातलं एकही सोडायची माझी तयारी नव्हती.

आमच्यात लग्न ठरलं की सलग तीन रविवार उपासनेत त्याची पुकार होते. पाळकसाहेब वेदीजवळ उभे राहून वधूवरांची नावं वाचतात आणि सांगतात, या विवाहास कोणाची योग्य हरकत असल्यास आताच कळवावी. कुणाची नसते. लोक तेवढ्यात गीताचं पान काढून ठेवतात. पहिल्या पुकारीला आत्याबाई पुढच्या बाकावर ताठ मानेनं बसल्या, आणि घरी येऊन त्यांनी मला माळ्यावरची बॅग काढायला सांगितली. मी काढली नाही, तर शेजारणीच्या मुलाकडून काढून घेतली.

मधल्या दिवसांत मी सगळे उपाय केले. गोड बोलले, अबोला धरला, एक दिवस स्वयंपाक केला नाही. पाळकसाहेबांना घरी आणलं. त्यांना चहा पाजून आत्याबाईंनी वाटेला लावलं. नवरदेवांना आपल्या बोलण्याचा इतका पस्तावा झाला होता की दुसऱ्या पुकारीच्या दुपारी ते ड्रिल मशीन घेऊन आले आणि न्हाणीघरात आत्याबाईंच्या हाताच्या उंचीला स्टीलचा दांडा बसवून गेले. आत्याबाईंनी दांडा बघितला आणि पूर्वीसारखाच भिंतीला हात टेकून आंघोळ केली. दिरांना फोन गेला, लग्नाला येताना गाडी घेऊनच या म्हणून.

तिसऱ्या रविवारी त्यांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती, आणि तिला वळसा घालून आम्ही दोघी देवळात गेलो. पाळकसाहेबांनी नावं वाचली. हरकतीचं वाक्य वाचलं. लोकांनी पानं उलटायला सुरुवात केली. मी आधी काही ठरवलं नव्हतं, हे देवाला ठाऊक आहे. त्या बॅगेचा मला सकाळपासून संताप येत होता. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "माझी हरकत आहे."

पाळकसाहेब चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, लग्न तुमचंच आहे."

"म्हणूनच. माझ्या घरातलं माणूस या लग्नामुळे घर सोडून चाललंय. ते राहणार नसेल तर मला हे लग्न करायचं नाही."

पानांची सळसळ थांबली. शेवटच्या बाकावरून, ज्या माणसाचा आवाज मंडळीत कुणी ऐकला नव्हता, त्याचा आवाज आला. "माझीही तीच हरकत आहे."

नवरा-नवरीनं स्वतःच्याच लग्नाला हरकत घेतल्याचं आमच्या देवळानं कधी ऐकलेलं नव्हतं. बायका माना वळवून एकदा माझ्याकडे, एकदा मागे बघत होत्या. आत्याबाई लालबुंद झाल्या. "खाली बसा दोघंबी," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "देवळात तमाशा लावलाय."

पाळकसाहेबांनी मात्र पुकारीचा कागद खाली ठेवला. "आजी, हरकत मिटल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

आत्याबाईंना ते ठाऊक होतं. साठ-सत्तर वर्षं त्यांनी पुकारी ऐकल्या होत्या. त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलं नाही. वेदीकडे बघून म्हणाल्या, "मिटली म्हना. मी कुटं जात न्हाई." आणि बसल्या. मी रडत होते, तशीच खाली बसले. मग सगळ्यांनी उभं राहून गीत म्हटलं, आणि आत्याबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या एक ओळ पुढे होत्या.

लग्न साधंच झालं. दिरांनी आणलेल्या गाडीतून त्यांनी परत जाताना केळीचे खांब आणि उरलेल्या बुंदीचा डबा नेला. बॅग पुन्हा माळ्यावर गेली. ती ठेवायला आता घरात उंच माणूस आहे. न्हाणीघरातल्या दांड्याबद्दल आत्याबाई अजून चकार शब्द काढत नाहीत, पण त्यांचा ओला टॉवेल तिथे असतो आणि आंघोळीनंतर दांडा पुसलेला असतो.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी जेवणं झाल्यावर हे मिक्सर उघडून बसले होते, आत्याबाईंनी लसूण घेतला होता. मी नवीन पुस्तक वाचून ठेवलं होतं. त्यातली विधवा समुद्राकाठी खानावळ काढते आणि तिथला एक नावाडी तिला रोज मासे आणून देतो. आत्याबाईंना सगळं माहीत झालं होतं, तरी सवयीनं माझ्या तोंडात आलंच. "समुद्राकाठी एक बाई होती, नवरा वारलेला, आणि तिच्याबरोबर तिची सासू..."

"तिला सासू घालू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. पाकळी सोलली, ताटात टाकली. "पुस्तकात जशी हाय तशी सांग. सासू हितं बसलीया."