स्तामेनचा उजवा हेडलाइट

स्तामेन सिगारेट अर्धी ओढून विझवायचा आणि उरलेली कानामागे खोचायचा. कॉफी उभ्यानेच प्यायचा. पॉलिशपेपर भिजवायच्या बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकायचा, तिसरा कधीच नाही. टूथपेस्टने हेडलाइट घासून आणलेल्या माणसाशी दिवसभर बोलायचा नाही. काम झालं की डोळे मिटून दिवा चाचपायचा.

व्रात्सा शहरापासून तासाभरावरच्या त्या गावात पत्र्याच्या गॅरेजांची एक रांग होती. पासिंग जवळ आलं की पिवळे पडलेले दिवे घेऊन लोक तिथे त्याच्याकडे यायचे. पहिला खरखरीत पेपर फिरला की दिवा पांढराफट्ट व्हायचा, आधीपेक्षा वाईट. गाडीवाल्याचं तोंड उतरायचं. स्तामेनला ती घडी फार आवडायची.

"न्हाव्यानं साबण फासला की खुर्चीतून पळतोस का? बस गप."

मग बारीक पेपर, त्याहून बारीक, पॉलिश, शेवटी लॅकर.

यासेन त्याच्याच मजल्यावर राहायचा. राजधानी सोफियाहून साहित्याची पदवी घेऊन परतला होता, नोकरी नव्हती. दुपारभर उलट्या क्रेटवर बसून बघायचा. कवितेनं प्लास्टिक घासलं गेलं असतं तर तुला केव्हाच कामाला ठेवला असता, असं स्तामेन म्हणायचा. यासेन हसायचा. पेपर त्याने कधी हातात धरला नाही.

मार्चमध्ये स्तामेनने स्वतःची गाडी घासायला घेतली. शुक्रवारी पासिंग होतं. त्याची बायको त्स्वेता आठवड्यातून तीनदा त्याच गाडीने डायलिसिसला जायची, त्यामुळे पासिंग चुकवून चालणार नव्हतं.

बुधवारी डावा दिवा झाला. उजव्यावर पहिला पेपर फिरवता फिरवता तो थांबला. क्रेट दे म्हणाला. यासेन उठला, स्तामेन बसला. तो पुन्हा उठला नाही.

शुक्रवारी पासिंगच्या वेळेला त्याला पुरलं. मेलेल्याच्या नावाने वाटायचे शिजवलेले गहू वाटून झाले. इमारतीच्या दारावर आणि गॅरेजवर त्याच्या निधनाचा, फोटोचा कागद चिकटवला. रविवारी यासेन त्स्वेताकडे गेला. उरलेलं घासतो, पासिंगची नवी तारीख घेतो, गाडी शेजारचा कुणीतरी चालवेल, असं त्याने सांगितलं.

"माणूस गेला की चाळीस दिवस त्याच्या हातच्या कामाला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"काकू, मग दवाखान्यात कशा जाणार?"

"बस आहे की. तू शिकलेला ना? चाळीसपर्यंत मोजता येत असेल."

पहाटेची बस, मग चढावरून पायी. पहिले दोन आठवडे यासेन सोबत गेला. चढावर ती तीनदा बसायची. एकदा त्याने शेजाऱ्याला गाडी घेऊन बोलावलं. ती गेली, पण परतल्यावर म्हणाली, पुन्हा कुणापुढे हात पसरू नकोस. तिसऱ्या आठवड्यात तिने शनिवार चुकवला. मग मंगळवार. यासेन दार वाजवत राहिला. पाय सुजलेत, गुरुवारी जाऊ, असं ती आतूनच म्हणाली.

गुरुवारही चुकला. सव्विसाव्या दिवशी अँब्युलन्स आली. त्स्वेता परत आली नाही.

किल्ली आता यासेनकडे आहे. गाडी आहे तिथेच आहे. उजव्या दिव्यावर घासल्याची पांढरी पूड वाळून बसलीय. वरच्या कोपऱ्यात दोन बोटांएवढा भाग अजून पिवळा आहे. तिथवर पहिला पेपरही पोचला नव्हता.