रिकाम्या पाटापुढची वाटी

वकिलीणकाकू एकट्या राहायच्या, पण जेवायला पाट मात्र दोन मांडायच्या. एक स्वतःचा आणि समोर एक लहानसा, रिकामा. त्या रिकाम्या पाटापुढे ताट नाही की पान नाही. नुसती चांदीची वाटी, पाण्याने काठोकाठ भरलेली. हैदराबादला बरकतपुऱ्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही बिऱ्हाड केलं, तेव्हा मला वाटलं, गेलेल्या वकीलसाहेबांसाठी असेल. मी तसं विचारलंही. काकू म्हणाल्या, "त्यांच्यासाठी? त्यांना जिवंतपणी टेबलखुर्ची लागायची. हा येणाऱ्याचा पाट आहे." कोण येणार, ते मी विचारलं नाही. म्हातारं माणूस, असेल एखादं खूळ.

काकूंचं शिक्षण उर्दूत झालेलं. 'हौ' आणि 'नक्को' त्यांच्या मराठीत इतके मुरलेले, की माझी नांदेडची आई पदर तोंडाला लावून हसायची. भाजीवालीशी तेलुगूत भांडायच्या, आमच्या गच्चीवर केबलवाला चढला की त्याला उर्दूत झाडायच्या. पण मनापासून घाबरल्या किंवा रागावल्या की त्या अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलत. त्या तसं बोलल्या की आपण गप्प बसायचं, हे मला लवकरच कळलं.

तिथे आल्यावर वर्षभरात माझं दोनदा पोट पडलं. दोन्ही वेळा दुसरा महिना. सासरची माणसं पत्र पाठवून धीर देत होती, नवरा बिचारा ऑफिसातून लवकर येऊन खिचडी टाकायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. मला मूल हवं होतं हो, दुसरं काही सुचतच नव्हतं. एक दिवस काकू जिना चढून आल्या. म्हणाल्या, "दोनदा पाहुणा दारातून परत गेला. आता घर तयार झाल्याबगैर बोलवायचं नक्को. ऊठ, डॉक्टरम्माकडे जायचंय."

"अहो काकू, पोटात काही नसताना डॉक्टरला दाखवू काय?"

"पोटच दाखव की! घरात पाहुणा आल्यावर चुना लावतात का?"

चिक्कडपल्लीच्या डॉक्टरम्मा काकूंवर खूश झाल्या. सगळ्या बायका दिवस गेल्यावर येतात, म्हणाल्या, खरं तर असं आधी यायला हवं. त्यांनी रक्त तपासलं. माझं थायरॉईड बिघडलेलं निघालं. त्याची गोळी सुरू झाली, शिवाय फॉलिक ॲसिडची एक, दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची. रिपोर्ट नीट येईपर्यंत थांबा, असं बजावलं. मग काय, रोज सकाळी खालून आरोळी यायची, "गोळी घेतली का गं?" सगळ्या गल्लीला वाटायचं मला मोठा आजार झालाय.

संध्याकाळी मी खाली जाऊन बसू लागले. तेव्हा लक्षात आलं, की सकाळी काठोकाठ भरलेली वाटी संध्याकाळी अर्धी असते. उन्हाळ्यात मी मनाला समजावलं, हैदराबादच्या उन्हात विहिरी आटतात, वाटीचं काय घेऊन बसलीस. पण पाऊस लागला, दोरीवरचे कपडे वाळेनात, तरी वाटी अर्धीच. शेवटी मी विचारलं.

"पितं ते," काकू शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "माझं आहे. तुझ्यासारखंच गेलं होतं. सासूबाई बोलल्या, रडू नक्को, दुसरं होईल. नाही झालं. मी बोलवत राहिले. येतं, पाणी पितं, पण राहत नाही. राहायला आई पाहिजे ना त्याला, मी म्हातारी काय कामाची?" मग माझ्याकडे टक लावून पाहिलं. "त्याला सांगितलंय मी, वर जा."

मी चपला तिथेच टाकून वर पळाले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आजही नाही. पण खाली जायचं मी बरेच दिवस टाळलं.

पुढे डॉक्टरम्मांनी हिरवा कंदील दाखवला आणि दिवस राहिले. तीन महिने वाच्यता करायची नाही, या रिवाजाला धरून मी काकूंनाही सांगितलं नाही. एकदा धीर करून खाली डोकावले. संध्याकाळ होती, आणि वाटी काठोकाठ भरलेली होती. काकू एकट्याच जेवायला बसल्या होत्या. त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं.

मग ती दुपार आली. मला डाग दिसला. नवरा ऑफिसात. कठडा धरत मी खाली आले, तर काकू रिकाम्या पाटासमोर उभ्या. वाटी अर्धी. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी कधीच पाहिला नव्हता. दुसऱ्या क्षणी तो मावळला, कारण त्यांनी मला पाहिलं होतं. मी अजून एक अक्षर बोलले नव्हते.

काकू पाटाकडे वळल्या. "इथे तुझ्यासाठी पाणी नाही," अगदी स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "परत येऊ नकोस. आईकडे जा." आणि वाटी पालथी घातली. मग मला म्हणाल्या, "चल. मी रिक्षा बोलावते."

डॉक्टरम्मांकडे सोनोग्राफीचं मशीन नुकतंच आलं होतं. करड्या पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता. ठोका आहे, म्हणाल्या, पडून राहा. मी पडून राहिले. रेवा पूर्ण दिवसांची झाली. काकूंनी तिला मांडीवर घेतलं, पण वाटी पुन्हा सरळ केली नाही. फळीवर ती पालथीच राहिली, आणि काकू एकच पाट मांडू लागल्या.

रेवा रांगायच्या आत आम्ही तारनाक्याला राहायला गेलो. काही वर्षांनी निरोप आला, काकूंचं काही खरं नाही. रेवाला घेऊन गेले. भाचेसून उशाशी बसली होती; चमच्याने पाणी घातलं तरी काकू तोंड उघडत नाहीत, म्हणाली.

रेवा माझा हात सोडून सरळ स्वयंपाकघरात गेली. त्या घरातलं तिला काही आठवायचं कारण नव्हतं. आली तेव्हा दोन्ही हातांत ती चांदीची वाटी होती, माठातल्या पाण्याने काठोकाठ भरलेली. ती काकूंच्या ओठांना लावून म्हणाली, "आता तू पी."

काकूंनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि अर्धी वाटी प्यायल्या.